'घ' की 'ध' : एका वायरमनची दुसरी शाळा

माझी मुलगी तिसरीत होती. २०२२ चा पावसाळा. शाळेतून तिची वही घरी आली ती लाल पेनाच्या गोळ्यांनी भरलेली. 'घर'चे 'धर' झालेले, 'भात'चा 'मात', 'किती' लिहिताना पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली. बायको म्हणाली, "जरा अभ्यास घेत जा न तिचा." मी वही हातात घेतली आणि दहा मिनिटे नुसता बघत राहिलो. गोळे सोडले तर त्यातल्या निम्म्या चुका मला दिसतच नव्हत्या.

दवाखान्यात आधी मुलीचे डोळे तपासले, मग कान, मग रक्त. बालरोग विभागाने आम्हाला मानसोपचार विभागात पाठवले. तिथल्या मॅडमनी तिला तीन वेळा बोलावून वाचायला लावले, लिहायला लावले, चित्रांचे तुकडे जुळवायला लावले, गोष्ट ऐकवून प्रश्न विचारले. ऐकलेल्या गोष्टीची सगळी उत्तरे तिने धडाधड दिली. तीच गोष्ट कागदावर दिली तर पहिल्या ओळीतच अडली. शेवटी मॅडमनी विचारले, "घरात आणखी कोणाला असं आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

बायको म्हणाली, "ह्यायले आहे, मॅडम. हे आजही पेपर माझ्याकडूनच वाचून घेतात. सांगतात का चष्मा घरी राहिला. ह्यायले चष्माच नाही."

त्या दिवशी मी ३४ वर्षांचा होतो. माझ्या आयुष्यभराच्या लाजेला एक नाव आहे, हे मला त्या वयात कळले. अध्ययन अक्षमता. वाचनाची असेल तर डिस्लेक्सिया, लिहिण्याची असेल तर डिसग्राफिया, आकडेमोडीची असेल तर डिस्कॅल्क्युलिया. बुद्धी व्यवस्थित असते, डोळे-कान ठीक असतात, शाळा मिळालेली असते, तरी अक्षर आणि आवाज यांची गाठ मेंदूत लवकर बसत नाही. ही ठेवण जन्मापासूनची असते आणि पुष्कळदा घराण्यात चालत येते. शाळकरी मुलांत शंभरात पाच ते पंधरा जणांना यातले काही ना काही असते, असे डॉक्टरांच्या पुस्तकात सांगितले आहे. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन-चार तरी. यावर गोळी नाही, टॉनिक नाही. शिकवण्याची पद्धत बदलावी लागते.

तेव्हा मी दोन वर्षांपासून संगणकाची प्रोग्रामिंग घरीच शिकत होतो आणि सोडून द्यायच्या बेतात होतो. त्या एका प्रश्नामुळे ते राहिले. कसे, ते सांगायला थोडे मागे जावे लागेल.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली होती. मुलगा चलाख, खेळात पुढे, पण वाचता येईना. त्याच्या शिक्षकाचे म्हणणे असे की शिक्षण सगळे तोंडी असते तर हा शाळेत सगळ्यांच्या पुढे असता. त्यानंतर बरोबर १०० वर्षांनी, १९९६ मध्ये, महाराष्ट्र सरकारने अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली : जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष. मी दहावीला बसलो २००४ ला. म्हणजे सवलत कागदावर आठ वर्षांची झाली होती. पण तपासणी करणारे दवाखाने होते मुख्यतः मुंबईत, चाचण्या बहुतेक इंग्रजीतून. वर्धा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत, वस्तीतल्या पोराला कोण तपासणार?

आमच्या शाळेत माझे निदान वेगळ्याच प्रकारे झाले होते. पाचवीत एका गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर माझे वाचन थांबवले आणि म्हणाले, "बस खाली. तुमच्यात असंच असते. तुले तसंही सरकार देणारच आहे." वर्ग हसला. त्यांना माझी जात दिसली, माझी अडचण दिसली नाही. मी हे कटुतेने लिहीत नाही. आरोग्याच्या पानावर लिहायचे कारण एवढेच की आपल्या मुलांच्या बाबतीत निदान चुकण्याचा हा फार जुना मार्ग आहे. दुसऱ्या घरचे मूल वाचत नसेल तर 'डॉक्टरला दाखवा' म्हणतात. आपले वाचत नसेल तर कारण आधीच ठरलेले असते. आणि खरे सांगायचे तर घरीही फार वेगळे नव्हते. "अभ्यासात लक्षच नाही याचं," म्हणून बाबांच्या हातचा मार मी भरपूर खाल्ला. बाबासाहेबांचा फोटो समोर असताना आपले पोरगे वाचत नाही, याचे त्यांना किती दुःख होत असेल, हे मला बाप झाल्यावर समजले.

दहावीत इंग्रजी आणि गणित राहिले. पुन्हा बसलो, पुन्हा राहिले. वायरमनचा ट्रेड आठवी पास मुलाला घेता येतो म्हणून आयटीआयला गेलो. तिथे गंमत झाली. थिअरीत काठावर, प्रॅक्टिकलमध्ये वर्गात पहिला. बोर्डावर सरांनी काढलेले सर्किट मी एकदा पाहिले की डोळ्यांसमोरून हलत नसे. पुढे बारा-तेरा वर्षे वर्धा, देवळी, पुलगाव, हिंगणघाट या भागात घरांच्या वायरिंगची कामे केली. बऱ्या महिन्यात अठरा-वीस हजार सुटायचे. बिल मात्र कधी स्वतः लिहिले नाही. जोडीदार लिहायचा, आणि मला पक्के माहीत आहे की तो त्यात स्वतःचे दोन-तीनशे वाढवून घ्यायचा.

नोव्हेंबर २०१९ मध्ये शिडीवरून पडलो. उजवे मनगट मोडले, कमरेला मार बसला. ठेकेदाराने पहिल्या दिवशी रिक्षाचे पैसे दिले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. (इथे एक गोष्ट मध्येच सांगतो. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. वायरमन, प्लंबर, पेंटर, सगळ्यांना. मी केली नव्हती. तुम्ही केली नसेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते काम करा.) हात जुळेपर्यंत मार्च उजाडला आणि लॉकडाऊन लागले. शिडीवर पुन्हा चढायला कंबर तयार नव्हती. बहिणीच्या मुलाने त्याचा जुना लॅपटॉप दिला आणि म्हणाला, "मामा, घरबसल्या काही तरी शिक. तुझं डोकं सर्किटचं आहे."

त्याला वाटले असेल मी टायपिंग शिकेन. मला पाहायचे होते की हे यंत्र ठरवते कसे.

पुस्तकातून शिकण्याचा प्रयत्न पहिल्याच आठवड्यात बुडाला. इंग्रजी पुस्तक, बारीक अक्षर. 'बी' आणि 'डी' मला आजही आरशातल्यासारखे वाटतात. मग भाच्याने आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प दाखवला. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला. साधारण दहा मिनिटांचा एकेक पाठ, फुकट, आणि बऱ्याच पाठांना मराठी आवाज आहे. पडद्यावर कोणी तरी काम करून दाखवतो, मराठीत सांगत जातो. अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्यावर आपण तेच करत जायचे. चुकले तर थांबवा, मागे घ्या, पुन्हा ऐका. एकच पाठ मी चौदा वेळा ऐकला आहे. कोणी "अजून नाही समजलं?" असे विचारत नाही. सी, पायथन, लिनक्स, ऑफिसची कामे, असे पुष्कळ विषय त्यात आहेत. मी पायथन धरले, कारण त्यात कंस कमी लागतात. हे कारण ऐकून नंतर एक इंजिनिअर खूप हसला होता, पण माझ्यासाठी ते अगदी योग्य कारण होते.

खरी गाठ सुटली ती जिन्याच्या दिव्यावर. घरात जिना असेल तर खाली एक आणि वर एक असे दोन टू-वे स्विच बसवतात. खालून लावा, वरून बंद करा. दोन्ही खटके एका बाजूला असले तर दिव्याची एक स्थिती, वेगवेगळ्या बाजूंना असले तर दुसरी. हे कनेक्शन मी झोपेतही करू शकतो. पायथनच्या पाठात 'अमुक खरे असेल तर हे कर, नाही तर ते कर' असा भाग आला तेव्हा मी वहीत जिन्याचे सर्किट काढले आणि त्याच्या शेजारी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. चालला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बायकोला उठवून दाखवले. ती म्हणाली, "दिवा कुठं आहे?" दिवा कुठेच नव्हता. पडद्यावर नुसते 'चालू' असे अक्षर उमटले होते.

मग एकामागून एक लागत गेले. दोन स्विच एकापुढे एक सिरीजमध्ये जोडले तर दोन्ही दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. प्रोग्रामच्या भाषेत ते 'आणि'. पॅरलल जोडले तर कोणताही एक पुरे, ते 'किंवा'. ज्या रिलेचा संपर्क आधीच जुळलेला असतो आणि करंट दिला की तुटतो, तो 'नाही'. मला वाटले हा माझा शोध. फार नंतर कळले की क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९३७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, नेमके हेच आपल्या प्रबंधात सिद्ध केले होते : रिले आणि स्विच यांच्या जोडण्या आणि तर्कशास्त्राचे 'आणि, किंवा, नाही' हे एकच गणित आहे. आजचे सगळे संगणक त्यावर उभे आहेत. वस्तीत आपल्याकडे वायरमन, मोटार बांधणारे, मोबाइल दुरुस्त करणारे किती तरी हात आहेत. ते ज्याला नुसते 'हातकाम' समजतात त्यात केवढे तर्कशास्त्र आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

तरीही दोन वर्षांनी मी सोडायला निघालो होतो. कारण साधे. एक ओळ वाचायला लागणारा वेळ. भाचा ज्या पानावरून अर्ध्या मिनिटात नजर फिरवतो, तिथे मला पंधरा मिनिटे लागत. बरोबरचे चिन्ह एकदा हवे की दोनदा, इंग्रजी एल आहे की एकचा आकडा, यात रात्री जात. मला वाटे, गुरुजी बरोबर होते.

मुलीच्या तपासणीनंतर मी त्याच मॅडमना विचारले, "माझंही प्रमाणपत्र निघेल का?" त्या म्हणाल्या, आपल्याकडच्या चाचण्या मुख्यतः शाळकरी मुलांसाठी बसवलेल्या आहेत, या वयात कागदाचा फार उपयोग होणार नाही; पण मुलीला जे शिकवणार तेच तुम्हीही घरी करा. मी तेच केले. वाचणे कमी केले, ऐकणे वाढवले. फोन आता इंग्रजी-मराठी दोन्ही मजकूर वाचून दाखवतो. पडद्यावरची अक्षरे मोठी केली, दोन अक्षरांमधली जागा वाढवली. जागा वाढवल्याने डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचे वाचन सुधारते, असे इटली आणि फ्रान्समधल्या मुलांवरच्या अभ्यासात २०१२ मध्ये दिसले आहे. खास डिस्लेक्सियासाठी म्हणून मिळणाऱ्या फॉन्टचा तेवढा पुरावा नाही. मीही वापरून पाहिले, फरक जाणवला नाही. प्रोग्राम लिहायला फुकट मिळणारे व्हिज्युअल स्टुडिओ कोड घेतले. ते कंसांच्या जोड्या वेगवेगळ्या रंगांत दाखवते आणि दोन अक्षरे लिहिली की पुढचा शब्द स्वतः सुचवते. स्पेलिंग पाठ असण्याची गरज निम्म्याने संपली.

यंत्राचा आणखी एक गुण मला तेव्हा ध्यानात आला. प्रोग्राम चुकला की ते सांगते : अमुक क्रमांकाच्या ओळीत चूक आहे. बस. तू चुकलास असे म्हणत नाही, तुमच्यात असेच असते असे म्हणत नाही. दिवसातून शंभरदा चुका, शंभरदा तोच निर्विकार आवाज. शाळेत मला असा एक शिक्षक मिळाला असता तर.

पण वाचनाची अडचण असलेल्या माणसाने हे काम निवडावे का? यावर दोन अभ्यास मला सांगावेसे वाटतात, कारण ते दोन बाजूंना ओढतात. दोन्ही २०२० सालचे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी प्रोग्राम वाचणाऱ्या माणसांच्या मेंदूची चित्रे घेतली. त्यांना दिसले की प्रोग्राम समजून घेताना भाषेचा भाग फारसा कामाला लागत नाही. कोडी सोडवताना, अवघड विचार करताना जो भाग चालतो तो चालतो. हे वाचून (म्हणजे ऐकून) मी फार खूश झालो. पण वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दुसऱ्या गटाने नवशिक्या लोकांना पायथन शिकवले आणि पाहिले की कोण लवकर शिकते. तिथे आकडेमोडीच्या कौशल्यापेक्षा नवी भाषा शिकण्याची हातोटी जास्त उपयोगी पडली. म्हणजे गणितात नापास झालेल्याने घाबरू नये. पण शब्द ज्याला जड जातात त्याला सुरुवातीचा चढ इतरांपेक्षा जास्त लागणार. माझा अनुभव दोघांनाही खरे ठरवतो. समजायला वेळ लागला नाही, शिकायला लागला.

महाराष्ट्रात पदवीशिवाय, नोकरी करता करता या क्षेत्रात आलेल्या माणसाचे नाव विचाराल तर बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचे दादासाहेब भगत. आयटीआय करून पुण्यात इन्फोसिसच्या अतिथिगृहात रूम सर्व्हिसचे काम करत होते. संगणकावर काम करणारे लोक रोज दिसायचे. त्यांनी आधी ग्राफिक आणि अॅनिमेशन शिकले, पुढे पायथन आणि सी प्लस प्लस, आणि डिझाइन करण्याचे स्वतःचे सॉफ्टवेअर काढले, डूग्राफिक्स नावाचे. कोरोनाच्या काळात गावी परतून टेकडीवर, जिथे मोबाइलला रेंज मिळेल तिथे, गोठ्यात ऑफिस थाटले. शार्क टँकच्या कार्यक्रमातही ते दिसले. त्यांना वाचनाची अडचण होती असे कुठे नाही, माझी त्यांच्याशी बरोबरीही नाही. पण त्यांनी आधी चित्राचे काम धरले आणि मग भाषेकडे वळले, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. जे हाताला येते तिथून आत शिरावे.

माझे पहिले पैसे २०२३ मध्ये आले. एका हार्डवेअरच्या दुकानात पूर्वी वायरचे बंडल घ्यायला जायचो. त्यांचा माल किती शिल्लक हे कधीच जुळत नसे. त्यांना माल आणि बिल यांचा लहान प्रोग्राम करून दिला. चार महिने लागले, आठ हजार मिळाले. पुढे नोकरीसाठी फिरलो. मोठ्या कंपन्या पदवी मागतात. ती माझ्याकडे नाही. लहान कंपन्यांत लेखी परीक्षा घेतात, अर्ध्या तासात चाळीस प्रश्न. तीन ठिकाणी मी तिथेच संपलो. चौथ्या ठिकाणी मी आधीच सांगितले : मला वाचनाची अडचण आहे, वेळ जास्त द्या किंवा केलेले काम बघा. त्यांनी हार्डवेअरच्या दुकानाचा प्रोग्राम उघडायला लावला आणि दीड तास त्यातले खाचखळगे विचारले. २०२४ पासून मी नागपूरच्या त्या लहान कंपनीत आहे. सुरुवात पंधरा हजारांवर, म्हणजे वायरिंगच्या बऱ्या महिन्यापेक्षा कमी, आणि वर रेल्वेचा पास. हे मुद्दाम लिहितो. सहा महिन्यांत लाखाची नोकरी, असे फलक लावून वस्तीतल्या पोरांकडून पन्नास हजार, लाख रुपये घेणारे क्लास गावोगाव निघाले आहेत. कर्ज काढून तिथे जाऊ नका. फुकट पाठ घेऊन तीन महिने बघा, गोडी लागते का. अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी पुण्याच्या बार्टी संस्थेची कौशल्य प्रशिक्षणे असतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. आणि घर चालवणारी मजुरी एकदम सोडू नका. माझी मजुरी मी सोडली नव्हती, कमरेने सोडवली होती. आणि त्या काळात बायकोच्या शिवणकामावर घर चालले.

तब्येतीचे दोन शब्द. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून शिकण्याचा मूर्खपणा मी वर्षभर केला. शिकलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत. झोप कापली की सकाळी पाटी कोरी. आता वीस-पंचवीस मिनिटे काम, मग उठून पाणी, पाच मिनिटे चालणे, आणि रात्री साडेदहाला लॅपटॉप बंद. कमरेलाही तेच मानवते.

दुसरे जास्त महत्त्वाचे. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे, हे या पानाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण सिकलसेलच्या रुग्णाच्या मेंदूत कधी कधी रक्तवाहिनी बंद पडून बारीक इजा होते. हातपाय लुळे पडत नाहीत, तोंड वाकडे होत नाही, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि मुलाचे लक्ष, आठवण, अभ्यास हळूहळू मागे पडतो. घरच्यांना वाटते आळशी झाला. म्हणून मुलीचे रक्त तपासताना डॉक्टरांनी सिकलचा अहवाल आधी मागितला. फरक असा लक्षात ठेवा : अध्ययन अक्षमता अक्षरओळख सुरू होते तेव्हापासूनच दिसते. आधी बरे वाचणारे मूल नंतर घसरत असेल आणि त्याला सिकलसेल असेल, तर ते शाळेचे काम नाही, डॉक्टरांचे आहे, आणि उशीर करू नये. वारंवार दुखण्याने शाळा बुडणाऱ्या मुलाचे मागे पडणे हे तर आणखी तिसरेच.

जिल्ह्यात कुठे जायचे? सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि सावंगीच्या आचार्य विनोबा भावे रुग्णालयात बालरोग आणि मानसोपचार दोन्ही विभाग आहेत. मानसोपचार शब्दाला बिचकू नका. आमच्या आईने महिनाभर ही गोष्ट शेजारी कळू दिली नव्हती. जाताना मुलाच्या दोन वर्षांच्या वह्या घेऊन जा, त्या प्रगतिपत्रकापेक्षा जास्त बोलतात. आता मराठीतही चाचणी आहे. हरियाणातल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी ती तयार केली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आली आहे. प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षानंतर मिळते आणि वय वाढेल तशी पुन्हा तपासणी होते. ४० टक्क्यांपेक्षा कमी निघाले म्हणून हिरमुसून घरी येऊ नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लिहिण्याची अडचण असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिकाचा हक्क ४० टक्क्यांच्या अटीला बांधलेला नाही असे सांगितले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याप्रमाणे स्पर्धा परीक्षांसाठी नियम काढले. दहावी अडलेली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून विषय निवडून, एकेक करून देता येते. मी आता तेच करतो आहे. इंग्रजी उरले आहे.

नापास झालेले, लाजेने घरात कोंडून घेतलेले पोरगे असेल तर १४४१६ हा टेलीमानसचा क्रमांक चोवीस तास, फुकट, मराठीतही चालतो. त्याला 'अमक्याचा पोरगा बघ' असे ऐकवण्याआधी हा फोन लावा.

रविवारी विहाराच्या मागच्या खोलीत मी पाच-सहा जणांना शिकवतो. संगणक दोनच आहेत, म्हणून सुरुवात बॅटरी, दोन खटके आणि एका लहान बल्बवर होते. एक चाळिशीचे रंगारी दादा पहिल्या दिवशी दारातच उभे होते. म्हणाले, "मले वाचता येत नाही बरोबर. बसू का?" मी त्यांना आधी जिन्याचे कनेक्शन जोडायला दिले. अजून प्रोग्रामपर्यंत ते पोचलेले नाहीत. कदाचित पोचणार नाहीत. येतात मात्र नेमाने, आणि त्यांच्या नातवाची वही परवा सोबत घेऊन आले होते.

मुलगी आता सहावीत आहे. परीक्षेत तिला जादा वेळ मिळतो. वाचते हळूच, अक्षराखाली बोट ठेवून. दिवाळीत तिला घेऊन त्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो, एक होल्डर घ्यायला. मालकांनी माझ्याच प्रोग्राममधून बिल काढून दिले. ती बोट फिरवत फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि थांबली. बिल माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाबा, हा 'घ' आहे."

दोन वर्षे त्या दुकानाच्या प्रत्येक बिलाखाली 'घन्यवाद' छापले जात होते. मालक म्हणाले, "मले वाटलं संगणकात असंच असते." मी त्यांच्याच काउंटरवर बसून ओळ शोधली. २१७ वी होती.